मीटरभर माती

आमच्या गल्लीतलं झाड संध्याकाळी मिटायचं, तेव्हा आजी देवापाशी दिवा लावायची. घरात टोल्यांचं घड्याळ होतं, पण तिचा भरवसा गॅलरीसमोरच्या झाडावर. "झाड मिटलं गं, हातपाय धुऊन घ्या," अशी हाक यायची. खाली लगोरी खेळणारे आम्ही वर बघायचो, तर दिवसभर गच्च वाटणाऱ्या फांद्यांमधून खरंच आभाळ दिसायला लागलेलं असायचं. पानं जोडीजोडीने एकमेकांना चिकटून खाली लोंबायची. पावसाळी दिवसांत झाड भर दुपारीही मिटायचं, आणि मग आजी गच्चीवरचे कपडे आणायला कुणाला तरी पिटाळायची.

ते झाड रेन ट्रीचं. मराठीत त्याला पर्जन्यवृक्ष म्हणतात, काही जण विलायती शिरीषही म्हणतात. मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेतलं. एकोणिसाव्या शतकात इकडे आलं आणि मुंबईच्या रस्त्यांवर असं रुळलं, की ते परदेशी आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि कळल्यावर जरा वाईटच वाटलं. उन्हाळ्यात त्याच्या गुलाबी-पांढऱ्या, पावडरच्या पफसारख्या फुलांचा सडा पडायचा. मग काळपट, चपट्या शेंगा. आतला गर गुळासारखा चिकट, चपलांच्या तळव्याला लागून तो जिन्यापर्यंत यायचा आणि आईची चिडचिड व्हायची. दोन्ही बाजूंची झाडं तिसऱ्या मजल्याच्या वर जाऊन एकमेकांत मिसळलेली. एप्रिलच्या दुपारी टिळक पूल उतरून हिंदू कॉलनीत शिरलं, की डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं व्हायचं.

दादर-माटुंग्याची ही सावली आपोआप आलेली नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यातून, १८९८ मध्ये, सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्त्यांना हवा मिळावी म्हणून ट्रस्टने जुन्या शहरातून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले आणि उत्तरेला, भातखाचरांच्या सखल जमिनीत भराव घालून, दादर-माटुंग्याची वसाहत आखली. आधी रस्ते, मग भूखंड, मग घरं, असा तो क्रम. मंचेरजी जोशी हे पारशी सिव्हिल इंजिनियर. आपल्या समाजातल्या मध्यमवर्गासाठी त्यांनी ट्रस्टकडून १०३ भूखंड राखून घेतले, त्यातून दादर पारशी कॉलनी उभी राहिली. तिथल्या रस्त्यांना झाडं लावताना एका रस्त्याला एक जात असा विचार झाला. फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक. पाच उद्यानांना आज मंचेरजींचंच नाव आहे. आमची हिंदू कॉलनी त्याच आखणीतली शेजारीण. डॉ. आंबेडकरांचं 'राजगृह' इथलंच, पुस्तकांसाठी बांधलेलं घर. त्या काळातल्या नकाशावर रेघा मारणाऱ्या माणसांचा मला फार आदर वाटतो. माणसाला राहायला खोली लागते तसा चालायला सावलीचा रस्ताही लागतो, हे त्यांनी प्लेगमधून शिकून घेतलं होतं.

मुंबईच्या कितीतरी नावांत झाडं आहेत. चिंचबंदर, फणसवाडी, उंबरखाडी, ताडदेव. वडाळा म्हणजे वडांची आळी, असं आमच्याकडचे जुने लोक सांगत. त्या नावांतली झाडं आज शोधू गेलं तर सापडत नाहीत. आमच्या गल्लीला नुसता नंबर आहे, त्यामुळे झाडं गेल्यावर नावातही काही उरणार नव्हतं.

झाडं मरायला लागली आहेत हे पहिल्यांदा कळलं गाड्यांमुळे. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी सोसायटीच्या सभेत तक्रार आली, की झाडाखाली लावलेल्या गाड्यांवर रोज चिकट थेंब पडतात, काचा पुसून निघत नाहीत, फांद्या तोडून घ्या. तो चिकटा कसला, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. मीही विचारलं नाही. पुढे समजलं, तो पिठ्या ढेकणांचा स्राव होता. पांढऱ्या कापसासारखे दिसणारे हे कीटक कोवळ्या फांद्यांतला रस शोषतात. जादा साखर बाहेर टाकतात, तिच्यावर काळी बुरशी धरते, मुंग्या येतात. त्या दशकात मुंबईत ठिकठिकाणी, आमच्या दादर-माटुंग्यातही, पर्जन्यवृक्ष असेच वाळत गेले. पहिल्या वर्षी शेंड्याकडची पानं विरळ झाली. पुढच्या वर्षी जूनमध्ये पालवी आली ती अर्ध्याच झाडाला. आणि मग आमच्या गॅलरीसमोरचं झाड संध्याकाळी मिटेनासं झालं, कारण मिटायला पानंच नव्हती.

कीड हे निमित्त असतं. हे मला एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकेने समजावलं. त्या पाच उद्यानांत रोज फिरायला येत. त्या मला फांदीकडे बघू देईनात. म्हणाल्या, "खाली बघ." खाली बुंध्याला घट्ट आवळून पेव्हर ब्लॉक बसवलेले होते. झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात असतात, आणि ती पसरतात पानांच्या घेराच्याही पलीकडे. आधी तिथे माती होती. मग डांबर आलं, मग फूटपाथला फरशी, मग फरशीखाली सिमेंट. पावसाचं पाणी फूटपाथवरून थेट गटारात. मुळांना ना पाणी, ना हवा. शिवाय दर काही वर्षांनी केबलसाठी, गॅससाठी, पाण्याच्या लाइनसाठी चर खणला जातो आणि मुळं कुदळीने तोडली जातात. वर छाटणी होते तीही रस्त्याकडच्या किंवा इमारतीकडच्या, एकाच अंगाची. असं उपाशी, एकांगी झालेलं झाड किडीपुढे टिकत नाही. "तुम्ही औषध फवारा म्हणताय," त्या म्हणाल्या, "त्याला आधी श्वास घेऊ द्या."

आम्हाला ते कळेपर्यंत उशीर झाला होता. दोन वर्षांत आमच्या गल्लीतली पाच झाडं गेली. आमच्यासमोरचं कापलं त्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. सकाळी नऊला करवत सुरू झाली आणि दुपारी तीनपर्यंत नुसता बुंधा उरला. गल्लीतले लोक आपापल्या गॅलरीत उभे होते, कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी घरात ऊन आलं, थेट देव्हाऱ्यापर्यंत. चाळीस वर्षांत त्या भिंतीवर ऊन पडलेलं मी पाहिलं नव्हतं.

आठवड्याच्या आत बुंधाही जमिनीलगत कापला गेला आणि त्यावर कंत्राटदाराच्या माणसांनी पेव्हर ब्लॉक बसवले. सफाईने बसवले. चार दिवसांनी नवीन माणसाला कळलंही नसतं की इथे काही होतं. माझ्या मनात राग भरला तो तेव्हा. झाड मेलं याचं दुःख होतंच, पण त्याची जागाही बुजवून टाकली होती.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही सातआठ जण जमलो आणि झाडं लावायचं ठरवलं. रोपं मिळणं सोपं होतं. रोपं वाटायला पुष्कळ जण उत्सुक असतात. पण लावणार कुठे? गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, तर उघडी माती कुठेच नव्हती, ओंजळभरसुद्धा नाही. शंभरेक वर्षांपूर्वी ज्या जमिनीत भात पिकायचं तिथे आम्ही एक रोप खोचायला जागा शोधत होतो.

तेव्हापासून आमच्या कामाची दिशा बदलली. झाडांचं नंतर बघू, आधी माती मागू. दिल्लीतल्या झाडांबाबत राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली आदेश दिला होता, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढून टाकावं. तो आदेश छापून घेतला आणि अर्जाला जोडला. एक निवृत्त बँक अधिकारी आमच्यात होते, त्यांनी अर्जांची फाइल केली. त्यांची चिकाटी मी जन्मभर विसरणार नाही. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, रस्तेवाल्यांकडून उद्यानवाल्यांकडे, पुन्हा रस्तेवाल्यांकडे. प्रत्येक वेळी जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालून जात. "आपण भीक मागत नाही, आपण रस्त्याचे वारस आहोत," असं म्हणत. त्यांनीच एक बांबू बरोबर मीटरभर कापून आणला. एक मीटर म्हणजे केवढं, हे प्रत्येक जण हाताने दाखवायचा आणि प्रत्येकाचा मीटर वेगळा निघायचा, म्हणून. तो बांबू आमच्या दारामागे उभा असतो.

परवानगी मिळाली ती सुरुवातीला चार खड्ड्यांची. पहिला खड्डा आमच्या झाडाच्या जुन्या जागेपासून थोडा बाजूला घेतला, कारण जुन्या बुंध्याचा लाकडी गड्डा खाली तसाच होता. पेव्हर ब्लॉकखाली रेती, रेतीखाली वीतभर काँक्रीट, त्याखाली विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, एका वॉश बेसिनचा अर्धा भाग. या सगळ्यातून वाट काढत गेलेलं मनगटाएवढं जाड मूळ दिसलं, वाळून पोकळ झालेलं. झाड इतकी वर्षं कशातून जगलं ते बघून मला भडभडून आलं. तीन फुटांवर तांबूस मुरूम लागला. राडारोडा गोण्यांत भरून काढला. माती, शेणखत आणि पालापाचोळा कुजवून केलेलं खत आणून भरलं. गल्लीतली शाळकरी मुलं घमेली उचलत होती. त्यातल्या एकाने गांडूळ हातात धरून सगळ्यांना दाखवलं. मुंबईच्या त्या मुलाने ते आधी फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

आता लावायचं काय, यावर मात्र फार वाद झाले, आणि ते वाद मला महत्त्वाचे वाटतात.

काही जणांना देशीच झाडं हवी होती. बकुळ, ताम्हण, करंज, कदंब. ताम्हण तर महाराष्ट्राचं राज्यफूल. काही जणांना पुन्हा पर्जन्यवृक्षच हवा होता, कारण तेवढी सावली दुसरं कोण देणार? पारशी कॉलनीतल्या एक ऐंशीच्या पुढच्या आजी काठी टेकत मुद्दाम सभेला आल्या आणि म्हणाल्या, "डीकरी, एका रस्त्याला एकच झाड लाव. माणूस डोळे मिटून चालला तरी त्याला समजला पाहिजे, मी कुठे आला." त्यांच्या महोगनीच्या रस्त्यावर पानगळीच्या दिवसांत लाकडी फळं उकलतात आणि पंखांची बियाणं गरगरत खाली येतात. ते पाहिलेल्या माणसाला त्यांचं म्हणणं पटतंच. एका जातीच्या झाडांची रांग रस्त्याला चेहरा देते.

पण आमच्या प्राध्यापिका म्हणाल्या, की याच रांगेने तुमचा घात केला. एका जातीची, एकाच वेळी लावलेली झाडं एकदम म्हातारी होतात. कीड आली की एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एका पिढीने लावलं, तीन पिढ्यांनी सावली खाल्ली आणि मधल्या काळात कुणीही नवं झाड लावलं नाही, कारण सगळी जागा भरलेली होती आणि सगळं छान दिसत होतं. मला हे तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं. आपण रस्त्यावरच्या झाडांना वास्तूसारखं समजतो, एकदा उभं केलं की झालं. खरं तर ते घरातल्या माणसांसारखं हवं. एखादं पाळण्यातलं, एखादं शाळेतलं, एखादं कर्तं, एखादं थकलेलं. सगळे एका वयाचे असलेलं घर किती दिवस चालेल?

म्हणून आम्ही ठरवलं, दरवर्षी थोडीच झाडं लावायची. तारांखाली ताम्हण, अरुंद फूटपाथला बकुळ, आणि जिथे चौकाकडे मोकळी हवा आहे तिथे दोन पर्जन्यवृक्ष. सगळ्या मोकळ्या जागा एका वर्षात भरायच्या नाहीत. याला विरोध झाला. रिकामी जागा राहिली तर तिथे गाडी उभी राहील, ही भीती होती आणि ती खोटी नव्हती.

आणखी एक विरोध होता, त्याबद्दल मला नीट लिहायचं आहे. तळमजल्यावरच्या काकांना झाडच नको होतं. काही वर्षांपूर्वी जुलैच्या पावसात त्यांच्या गाडीवर भली मोठी फांदी कोसळली होती. काकू दोन मिनिटांपूर्वीच गाडीतून उतरल्या होत्या. मुंबईत दर पावसाळ्यात झाड पडून माणसं जातात, ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. झाडांवर प्रेम करणारे बरेचदा अशा माणसाला शत्रू समजतात. आम्हीही सुरुवातीला समजलो. मग बँकवाल्या काकांनी त्यांना बरोबर घेऊन उरलेली सगळी जुनी झाडं दाखवली. कुठे मुळं तोडली आहेत, कुठे एकाच अंगाने छाटलं आहे, कुठे बुंध्यात खिळे ठोकून जाहिरातीच्या पाट्या लावल्या आहेत. निरोगी, मोकळ्या मुळांचं झाड सहसा उन्मळत नाही, आपण त्याला लुळं करतो, मग ते पडतं. काकांना हे पटलं की नाही माहीत नाही. ते एवढंच म्हणाले, "माझ्या खिडकीसमोर बकुळ लावा, ती हळू वाढते."

खिळे काढायचं काम आम्ही पुण्याकडून शिकलो. २०१८ मध्ये 'आंघोळीची गोळी' या संस्थेने तिथे खिळेमुक्त झाडांची मोहीम सुरू केली होती. आमच्याकडे रविवारी सकाळी पक्कड आणि हातोडी घेऊन मुलं निघाली. एका झाडातून निघालेले खिळे, तारा आणि स्टेपलच्या पिना मावायला श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा लागला.

लावण्याच्या दिवशी फोटो निघतात, पेढे वाटले जातात. तो दिवस सोपा. मुंबईत रोप जगतं की मरतं ते ऑक्टोबर ते मे या महिन्यांत ठरतं. पहिल्या वर्षी आम्ही मजल्यांप्रमाणे पाण्याच्या पाळ्या लावल्या. दिवाळीनंतर पाळ्या मोडल्या. शेवटी पाणी घातलं ते दोन वॉचमननी, बँकवाल्या काकांनी आणि चौथीतल्या त्या गांडूळवाल्या मुलाने. पाणी कसं घालायचं तेही आम्हाला येत नव्हतं. शेजारच्या गल्लीत काम करणारे एक माळीदादा थांबून बघत होते, ते म्हणाले, "ताई, बुडाशी नाय वतायचं पानी. आळ्याच्या कडंनं घाला. मुळी पान्याच्या वासानं चालत जाती, तिला चालाय लावा." तेव्हापासून आम्ही दरवर्षी आळं थोडं रुंद करतो, आणि त्यात सुकलेल्या पानांचा जाड थर घालतो. ही पानं आम्ही सफाई कामगार ताईंकडून मागून घेतो. पूर्वी त्या ती झाडून नेत, आता आळ्यातच टाकून जातात.

एक ताम्हण टेम्पोने मागे येताना मोडला. एका बकुळीचा लोखंडी पिंजरा रात्रीत चोरीला गेला. एक रोप कसं वाळलं ते कळेना, मग लक्षात आलं, की गाडी धुताना साबणाचं पाणी रोज त्याच्याच आळ्यात जात होतं. गाडीवाल्यांना कुणी काही बोललं नाही, फक्त आळ्याच्या कडेला विटांची उभी रांग लावली. मेलेल्या प्रत्येक रोपाच्या जागी त्याच पावसाळ्यात दुसरं आणलं. पहिली तीन वर्षं अशीच जातात. चौथ्या उन्हाळ्यात मी एका ताम्हणाला आठवडाभर पाणी घालायला विसरले आणि घाबरून खाली गेले, तर ते हिरवंगार होतं. त्याला खालून कुठूनतरी पाणी मिळायला लागलं होतं.

कायदाही दरम्यान बदलला. शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून राज्याचा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष मानलं, आणि तसं झाड तोडायची वेळ आली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावायला सांगितलं. ही तरतूद मला मनापासून आवडते, झाडाचं वय मोजायला ती भाग पाडते. आमची पाच झाडं मात्र त्याच्या आधीच गेली. आणि आपण शंभर रोपं दूर कुठे लावली तरी या गल्लीतून दुपारी शाळेतून घरी येणाऱ्या पोराच्या डोक्यावर त्यातलं एक पानही येणार नाही. झाड जिथून गेलं तिथेच, त्याच रस्त्यावर परत यावं, हा आमचा हट्ट आहे आणि तो आम्ही सोडणार नाही.

अलीकडे मुंबईभर रस्त्यांचं काँक्रिटीकरण चाललंय. या वर्षी पाळी आमच्या गल्लीची होती. खड्डे जातील, पाणी तुंबणार नाही, हे सगळं मला हवंच आहे. पण ज्या दिवशी मोठी यंत्रं येऊन उभी राहिली त्या रात्री मला झोप आली नाही. पहाटे उठून गॅलरीत गेले. चौकाकडचा तरुण पर्जन्यवृक्ष अजून मिटलेलाच होता. आता तो दुसऱ्या मजल्याला लागलाय.

सकाळी खाली उतरले तेव्हा बँकवाले काका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच उभे होते. तळमजल्यावरचे काकाही होते, बकुळीच्या पिंजऱ्याला हात लावून. कामावरचा एक तरुण मुलगा फूटपाथच्या कडेला फळ्या ठोकत ठोकत आमच्या पहिल्या आळ्यापाशी आला, थांबला, आणि हातातली दोरी तशीच धरून त्याने वर पाहिलं.

"ताई, इथं किती सोडू?"

मी दारामागचा बांबू आणायला घरी गेले. परत आले तर त्याने फळी आधीच मागे सरकवली होती. बांबू ठेवून मोजलं. मीटरपेक्षा चार बोटं जास्तच होतं.